परसातले तीन दिवस

चिंचवडच्या त्या घराला मागं मोठं परस होतं आणि परसाच्या टोकाला सरपणाची पडवी. पडवी म्हणजे चार मेढी, वर जुनी कौलं, दोन बाजूंना कुडाच्या भिंती आणि दोन बाजू उघड्या. एका मेढीला लागून काळ्या दगडाची चीप टाकलेली होती, माणूस पाय पसरून बसेल एवढी. समोर रामफळाचं झाड, त्यापलीकडे शेराचं कुंपण आणि कुंपणापलीकडे अंबुबाईंचा म्हशींचा गोठा.

महिन्यातले तीन दिवस इंद्रायणी त्या चिपेवर बसायची. कुणी तिची चौकशी केली, तर तिच्या सासूबाई रुक्मिणीबाई म्हणायच्या, "ती बाहेर आहे." एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळायचं. त्या तीन दिवसांत तिनं कुणाला शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. जेवण ताटात वाढून लांब ठेवलं जाई, ते उचलून घ्यायचं. रात्री पडवीतच घोंगडीवर निजायचं. चौथ्या दिवशी सकाळी न्हाऊन घरात यायचं.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यात ती रडली होती. माहेरी हे काही नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. घरात वडील आणि दोन भाऊ. तिथं मुलगी बाहेर बसली, तर रांधणार कोण? वडील शाळामास्तर होते. त्यांनी तिला पुण्याला मामाकडे ठेवून इंटर सायन्सपर्यंत शिकवलं होतं. असं शिकून आलेल्या मुलीला लाकडांच्या राशीशेजारी बसवलेलं पाहून तिला स्वतःचीच कीव आली होती.

दुसऱ्या महिन्यात दुपारी एकदम तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला कुणी हाक मारलेली नाही. पाणी तापलं का, दूध कुठं ठेवलंय, बंडीचं बटण लाव, पापड वाळत घाल, असलं काही नाही. घरातली माणसं वाईट नव्हती. नवरा उद्धव पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता, शांत आणि मायाळू. सासूबाई तोंडाच्या फटकळ, पण मनात काही न ठेवणाऱ्या. तरी पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तिच्या नावाची हाक या खोलीतून त्या खोलीत फिरत असे. इथं या चिपेवर तिला कुणी शिवू शकत नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणी काही मागूही शकत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात ती वही घेऊन बसली.

रुक्मिणीबाईंनी ताट ठेवताना वही पाहिली. त्या स्वतः अक्षरशत्रू होत्या, पण विटाळाचा कायदा त्यांना तोंडपाठ होता.

"पोथीबिथी नाही ना गं ती?"

"नाही आई. नुसतं लिहितेय."

"कशानं?"

"टाकानं."

रुक्मिणीबाईंनी क्षणभर विचार केला. "शाई नको. ओल्याला विटाळ होतो, कोरड्याला नाही. कोरडं धान्य चालतं, भिजलेलं नाही. तसंच हे. शिसपेन्सिल असली तर लिही."

इंद्रायणीला हसू आलं, पण नियम म्हणून तो चोख होता. तेव्हापासून तिचं सगळं लिखाण पेन्सिलीनं झालं. शाईनं सुवाच्य प्रत करायचं काम तेवढं घरात, चोरून, पानापानानं व्हायचं. त्याला डोकं लागत नाही, आणि हाक आली की अर्ध्या शब्दावर उठता येतं.

तीन दिवसांत साधारण अकरा पानं होत. सकाळी ऊन कुडाच्या बाजूनं यायचं, दहाच्या सुमारास रामफळाची सावली चिपेच्या कडेला लागायची आणि दीडला पार पलीकडे जायची. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची शिट्टी आणि लांबून येणारा कारखान्याचा भोंगा, एवढ्यावर तिचं घड्याळ चालायचं. मधूनच कुंपणापलीकडून अंबुबाईंचा आवाज यायचा.

"काय सूनबाई, बसला का?"

"बसले."

"बरं हाय बाई तुमचं. आमास्नी कुठलं बसायला? म्हशीला काय सांगू, तीन दिस दूध आत ठिव म्हणून?" आणि अंबुबाई आपल्याच बोलण्यावर खदखदून हसायच्या.

तिची पहिली कथा एका मासिकानं छापली. अंक घरी आला, तेव्हा उद्धवनं ती जेवणाआधी उभ्यानंच वाचली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"छान आहे," तो म्हणाला. मग पान उलटून परत मागं आला. "पण हे बघ. इथं कृष्ण अष्टमी आहे म्हणतेस आणि दिवेलागणीला चंद्र वर आलाय. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो. हा कुठून आणलास?"

त्यात टोमणा नव्हता. प्रयोगशाळेत सहकाऱ्याच्या वहीतला आकडा चुकला, तर त्यानं याच आवाजात सांगितलं असतं. आणि त्याचं बरोबर होतं. ती म्हणाली, "चुकलंच." जेवताना त्याला त्या कथेतल्या बाईचं पुढं काय झालं असेल, असं काहीतरी विचारावंसं वाटेल म्हणून ती थांबली होती. त्यानं आमटी मागितली. तेव्हापासून तिनं त्याला काही दाखवलं नाही. अर्थात, तेव्हापासून चंद्रही चुकला नाही.

माघात संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी मोठी कथा हवी होती, श्रावण संपायच्या आत. इंद्रायणीनं हिशेब केला. गोष्ट तिच्या डोक्यात होती: एका लहान स्टेशनच्या मास्तरची बायको, जी रोज बावीस गाड्या जाताना पाहते आणि लग्न झाल्यापासून एकाही गाडीत चढलेली नाही. चाळीस-पंचेचाळीस पानं होतील. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. चार बसण्या. आषाढ हाताशी राखून.

वैशाखाअखेर तेहतीस पानं झाली होती. स्टेशनमास्तरच्या बायकोनं फलाटावर पाय ठेवला होता, आणि ती गाडीत चढते की नाही ते इंद्रायणीला अजून ठाऊक नव्हतं. ते फक्त त्या चिपेवर कळणार होतं.

ज्येष्ठात एका रविवारी उद्धव जेवताना म्हणाला, "आई, इंद्रायणीनं बाहेर बसणं आता बंद."

रुक्मिणीबाईंचा घास हातातच राहिला.

"कित्येक दिवस मनात होतं," तो म्हणाला. "मी दिवसभर काचेच्या बशांतून बुरशी वाढवतो. कशानं ती मरते, कशानं वाढते, ते रोज डोळ्यांनी बघतो. विटाळानं काही नासत नाही. शिकलेल्या बाईला लाकडांत निजवायचं, याची मला लाज वाटते."

"आणि तुमच्या कारखान्यात काय आहे रे?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तूच सांगतोस ना, त्या खोलीत हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत? कशाला शिवायचं नाही म्हणून? ते सोवळंच की."

"ते जंतूंसाठी आहे, आई."

"हेही कशासाठी तरीच असेल."

उद्धव हसला. रुक्मिणीबाईंनी घास तोंडात घातला, चावला, गिळला, मग म्हणाल्या, "पण बरं झालं बाबा. माझे गुडघे केव्हाचे देवाला सांगताहेत. तीन-तीन दिवस चुलीपुढं बसायचं आता होत नाही माझ्याच्यानं."

असा सगळा बदल एका जेवणात झाला. दोघांनी मिळून इंद्रायणीला मोकळं केलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती ताक वाढत होती. 'नको, मला बाहेरच बसू द्या' असं म्हणायला तिला तोंड नव्हतं. उद्धवच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की ती हसली.

अंबुबाईंनी चार दिवसांनी कुंपणावरून विचारलं, "न्हाई व्हय बसायचं आता? सुटला म्हना की एकदाच्या."

"हो," ती म्हणाली, "सुटले."

ज्येष्ठात तिनं पोटात कळा येत असताना भाकरी थापल्या. वही कोनाड्यात राहिली. आषाढात मात्र धीर करून तिनं उद्धवला सांगितलं, की मासिकाची एक कथा पुरी करायची आहे आणि वेळ होत नाही.

"मग लिही ना," तो मनापासून आश्चर्यानं म्हणाला. "कोण अडवतंय?"

त्यानं आपलं टेबल तिला दिलं. खिडकीपाशी सरकवलं, वर्तमानपत्र अंथरलं, टाकाचं निब बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथं बसली. पंधरा मिनिटांत रुक्मिणीबाईंनी विचारलं, जिऱ्याचा डबा कुठाय. मग दूधवाला आला. मग दळण आलं. मग शिफ्ट संपवून उद्धव घरी आला, ती लिहिताना दिसली म्हणून पावलं न वाजवता आत गेला, आणि दोन मिनिटांनी आतून हळूच म्हणाला, "तुला उठवत नाही, फक्त सांग, टॉवेल कुठं वाळत घातलाय?"

पाच दिवसांत तिची सहा वाक्यं झाली, त्यातली चार तिनं खोडली. कुणी अडवत नव्हतं, हेच कठीण होतं. अडवलं असतं, तर भांडता आलं असतं.

श्रावण आला. महिना संपायला बारा दिवस उरले. संपादकांचं दुसरं पत्र आलं: शनिवारी मजकूर छापखान्यात जाईल, तोवर कथा पोचली नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. तिची खरी पाळी यायला अजून आठवडा होता, म्हणजे शनिवारनंतरच. आणि आली तरी बाहेर बसणं आता बंद होतं.

त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी उद्धवनं जेवायला पाहुणे बोलावले होते. प्रयोगशाळेतले त्याचे वरिष्ठ यशवंतराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई. कुसुमताई वसाहतीतल्या बायकांचं मंडळ काढणार होत्या. उद्धवनं त्यांना आपल्या घरातल्या बदलाची गोष्ट कौतुकानं सांगितली होती. "तुला मंडळात बोलायला लावणार आहेत त्या," तो इंद्रायणीला म्हणाला होता. "इंटर सायन्स झालेली बाई, स्वतःच्या घरातून सुरुवात केलेली."

रविवारी सकाळी सात वाजता इंद्रायणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. पुरणाची डाळ शिजत होती. रुक्मिणीबाई वेलदोडे सोलत होत्या.

"आई, मी बाहेर बसतेय."

रुक्मिणीबाईंचा हात थांबला. "आज?"

"आज."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. नातवाची वाट पाहणारी बाई. सुनेचे दिवस त्यांच्याइतके कुणी मोजत नसेल. एक बोट झालं, दुसरं झालं, तिसऱ्याच्या मधल्या पेरावर अंगठा थांबला. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. तिच्या हातात वही होती.

तेवढ्यात उद्धव तोंड पुसत आत आला. "बाहेर म्हणजे? ते आपण बंद केलंय ना?"

"मला बसायचंय."

"अगं पण आज पाहुणे..." तो पुढं सरकला.

"उद्धवा, लांब हो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शिवशील." आणि भिंतीला धरून, तोंडानं देवाचं नाव घेत त्या उठल्या आणि पुरणाचं पातेलं त्यांनी स्वतः उतरवलं.

पाहुणे अकराला आले. पडवीतून बैठकीच्या खोलीतलं बोलणं कळत नव्हतं, नुसता आवाज यायचा. यशवंतरावांचं मोठं हसणं, मग कुसुमताईंचा प्रश्न असावा असा उंच सूर, मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं उद्धवचा आवाज. इंद्रायणीनं पेन्सिल हातात धरली होती. पाट्यावर पुरण वाटल्याचा घर्र घर्र आवाज मात्र स्पष्ट येत होता. तो मधून मधून थांबे, आणि थांबला की तो पुन्हा सुरू होईपर्यंत ती दाराकडे बघत राही. मग तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली, कारण एवढं करून लिहिलं नसतं, तर तो आवाज तिनं कशासाठी ऐकला?

जेवणं झाल्यावर कुसुमताई हात धुवायला मागं आल्या. तिशीच्या, चष्म्याच्या, प्रसन्न चेहऱ्याच्या बाई. त्यांनी पडवीत पाहिलं आणि सरळ तिच्याकडे चालायला लागल्या.

"अहो, तुम्ही इथं? उद्धवराव म्हणाले, बरं नाही. उठा बघू. आपण दोघी आत जाऊ. मी धरते तुम्हाला."

त्यांनी खरोखर हात पुढं केला. इतक्या मोकळेपणानं इंद्रायणीपुढं कुणी हात केला, त्याला वर्षं झाली होती. या बाईला कथा वाचून दाखवावी, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली.

कुसुमताईंचा हात तसाच राहिला. "तुम्ही इंटर सायन्स झाला आहात ना?"

"हो."

"असू दे," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "वेळ लागतो. मी समजू शकते." आणि पदराला हात पुसत त्या परत गेल्या. त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं, की मंडळात बोलणारी बाई त्या आता दुसरीकडे शोधणार.

चारच्या सुमारास पाहुणे गेले. उद्धव मागच्या दारात येऊन उभा राहिला. बाहेरचे कपडे अजून अंगावर होते.

"मी त्यांना काय काय सांगितलं होतं," तो म्हणाला.

तिनं पेन्सिल वहीत ठेवली.

"मला फक्त एक सांग. रागावणार नाही. तुझा यावर विश्वास आहे?"

नाही म्हटलं, तर तो म्हणणार, मग चल आत. लिहायचंय म्हटलं, तर म्हणणार, टेबल आहे की. उद्या लिही. तो चांगल्या मनानं म्हणणार, आणि ती उठून आत जाणार. अजून दहा पानं राहिली होती, आणि स्टेशनमास्तरच्या बायकोनं नुकताच दांड्याला हात घातला होता.

"आहे," इंद्रायणी म्हणाली.

त्यानं मान डोलवली. चेहऱ्यावर राग असता, तर तिला बरं वाटलं असतं. बरेच दिवस काळजीनं वाढवलेलं काही नासलेलं निघावं आणि ते बाजूला ठेवून द्यावं, तसं त्याचं तोंड झालं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुझं तुला. यापुढं मी मधे पडणार नाही." आणि तो आत गेला.

सोमवारी रुक्मिणीबाई ताट घेऊन आल्या. चालताना दर पावलाला त्यांचं तोंड वाकडं होत होतं. ताट ठेवून त्या लगेच गेल्या नाहीत.

"होतंय का?"

"काय, आई?"

"जे काय चाललंय ते."

इंद्रायणीनं खाली पाहिलं. "होतंय."

"आटप म्हणजे झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसशील, तर मीच शेजारी येऊन बसेन. मग रांधू दे त्यालाच, त्याच्या काचेच्या बशीत."

इंद्रायणीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिला पुष्कळ सांगायचं होतं. पण सासूबाई वळल्या होत्या, आणि त्यांनी विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर देऊन झालं होतं.

त्या दिवशी सात पानं झाली. रात्री पाऊस आडवा आला, घोंगडीचं एक टोक भिजलं, तिनं वही पोटाशी धरून ठेवली. घरातल्या खिडकीत उजेड होता. उद्धव वाचत बसला होता. पूर्वी झोपण्याआधी तो मागच्या दारात यायचा, काही हवं का विचारायचा. आज उजेड गेला, तेव्हा दार उघडलं नाही.

मंगळवारी दीडला सावली चिपेवरून गेली. त्यानंतर थोड्या वेळानं तिला कळलं, की स्टेशनमास्तरची बायको गाडीत चढते, पुढच्याच स्टेशनावर उतरते आणि फलाटावरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहते. कुणी शोधायला येत नाही म्हणून नाही, तर कुठं जायचं ते ठाऊक नाही म्हणून. ते कळल्यावर मग काही अडलं नाही. पुण्याची गाडी शिट्टी देऊन गेली, तेव्हा तिनं शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. पंचेचाळीस पानं. उद्या सकाळी न्हाऊन शेवटची पानं शाईनं उतरवायची आणि दुपारच्या टपालात टाकायची. गुरुवारी पुण्यात.

तिनं पहिल्यापासून सगळं वाचलं. कथा चांगली झाली होती. एवढं तिला समजत होतं.

कुणालातरी सांगावंसं वाटलं. तिनं कुंपणाकडे पाहिलं. अंबुबाई म्हशी घेऊन नदीवर गेल्या होत्या. घरातून भांड्यांचा आवाज आला. मग पुढचं दार वाजलं. उद्धव शिफ्टवरून आला होता. रुक्मिणीबाईंनी त्याला काहीतरी विचारलं, तो हसून काहीतरी म्हणाला. दोघांचा चहा झाला. बशा विसळल्या गेल्या.

ऊन कुडावरून खाली उतरत होतं. इंद्रायणीनं वही मिटून मांडीवर ठेवली आणि हात वहीवर ठेवले. इतक्या महिन्यांत ती या चिपेवर नुसती अशी कधी बसली नव्हती. दगड गार होता, लाकडांना वास येत होता, घरापर्यंत वीस पावलं होती. लिहायचं काही उरलं नव्हतं, आणि आत जायला अजून एक रात्र होती.